वाचून दाखवलेला कागद

पाणीपुरवठा खात्याच्या कचेरीत त्याला सगळे ऑपरेटर म्हणत. टेलिफोनचं एक्स्चेंज बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. बायकोसुद्धा शेजारणीशी बोलताना "आमचे ऑपरेटर" म्हणायची.

सातव्या वर्षी तापात त्याचे डोळे गेले. अंधशाळेत टेलिफोनच्या बोर्डाचं काम शिकला आणि बाविसाव्या वर्षी या कचेरीत चिकटला. दोनशे दहा टेबलांचे नंबर त्याला तोंडपाठ होते. मग ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला. एके दिवशी दोन माणसं आली, बोर्डाचे स्क्रू काढले आणि तो उचलून घेऊन गेली. ऑपरेटर कायम नोकरीतला, त्याला काढता येईना. रेकॉर्ड रूमबाहेरच्या बोळात एक खुर्ची टाकून त्याला तिथे बसवलं. सहा वर्षं तो तिथे बसून होता. येणारेजाणारे त्याच्या खुर्चीच्या पाठीला पिशव्या अडकवायचे, ओल्या छत्र्या टांगायचे. एकदा झाडूवाल्याने बादली त्याच्या पायाशी ठेवली आणि संध्याकाळपर्यंत विसरून गेला. ती लवंडू नये म्हणून ऑपरेटर दिवसभर पाय आखडून बसला.

त्या सहा वर्षांत त्याला माणसात ठेवलं ते हेडक्लार्कने. एक वाजला की त्याचा हात ऑपरेटरच्या खांद्यावर पडायचा. "चल रे, डबा गार होतोय." जेवताना तो वर्तमानपत्र वाचून दाखवायचा, पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत. रजेचा अर्ज असो, बँकेचं पत्र असो की घराची कागदपत्रं, ऑपरेटरचा प्रत्येक कागद हेडक्लार्कच वाचायचा. मग ऑपरेटरचं बोट धरून योग्य जागी टेकवायचा आणि ऑपरेटर सही करायचा. ऑपरेटर त्याला भाऊ म्हणायचा. त्याने वाचलेलं पुन्हा दुसऱ्याकडून वाचून घ्यावं, असं ऑपरेटरच्या कधी मनातही आलं नाही.

मग सरकारचं धोरण आलं. यापुढे कचेऱ्यांनी संगणकासाठी मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आधी बघावं, म्हणजे ज्याचं आतलं लिखाण कुणालाही उघडून पाहता येतं, हवं तसं दुरुस्त करता येतं, असं. दुसरं काही घ्यायचं तर त्याची कारणं फाइलवर लेखी नमूद करावीत. कचेरीत बऱ्याच जणांनी कपाळाला हात लावला. पडद्यावरची ओळखीची चित्रं बदलणार, एवढंच त्यांच्या लक्षात आलं होतं.

संगणक विभागातल्या बाई मात्र बोळात आल्या आणि म्हणाल्या, "ऑपरेटर, उठा. तुमच्यासाठी एक गंमत आणलीय."

त्यांनी त्याला संगणकासमोर बसवलं आणि कानांना हेडफोन लावला. पडद्यावरचा मजकूर एक आवाज वाचून दाखवू लागला. आवाज चोंदल्या नाकाचा होता आणि त्याचे उच्चार म्हणजे आनंदीआनंद. 'जलवाहिनी'चं तो 'जलवा हिनी' करायचा आणि 'दि.' आलं की नुसतंच 'दि' म्हणून ठेचकाळायचा. ऑपरेटर हसला.

"हसताय काय," बाई म्हणाल्या. "हे मुक्त आहे. चुकलंय ते आपण सुधारू शकतो."

त्याला ते खरं वाटलं नाही. पण दोघांनी मिळून चुकणाऱ्या शब्दांची यादी करायला घेतली. वर्षभरात अकराशे शब्द झाले. बाईंनी ती यादी हा आवाज सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांना पाठवली आणि पुढच्या आवृत्तीत ती आली. कुठल्याकुठल्या गावांतले दृष्टिहीन लोक आता त्याने सुधारलेले उच्चार ऐकत होते. घरी त्याने हे बायकोला तीनदा सांगितलं. तिने तिन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं.

त्यानंतर ऑपरेटर तक्रार विभागात बसू लागला. नागरिकांच्या तक्रारी वाचायच्या, विभागाला पाठवायच्या, उत्तर लिहायचं. त्याच्याकडे आलेलं पत्र चौथ्या दिवसाच्या पुढे पडून राहत नसे. याच सुमाराला त्याने आपल्यावरचा गोपनीय अहवाल पहिल्यांदा स्वतः वाचला. बोळातल्या वर्षांपुढे कुणा साहेबाने शेरा मारला होता, "निरुपयोगी, परंतु निरुपद्रवी." त्याला त्याचं हसू आलं. बायकोला सांगितलं तेव्हा ती काही हसली नाही.

अशी सात वर्षं बरी गेली. मग बाईंची बदली झाली आणि वर्षभरात नवे संचालक आले. त्यांना सगळी कचेरी एका नव्या प्रणालीवर न्यायची होती. एका कंपनीची माणसं रोज येऊ लागली. धोरण अजून होतंच, त्यामुळे समिती नेमली गेली. नियमाप्रमाणे अपंग कर्मचाऱ्याने चाचणी घेतल्याचा दाखलाही फाइलला लागणार होता. कचेरीत तसा कर्मचारी एकच होता.

कंपनीच्या माणसाने ऑपरेटरला नव्या प्रणालीसमोर बसवलं. ऑपरेटरने कळा दाबून पाहिल्या. कानातला आवाज म्हणाला, "बटन. बटन. चित्र. बटन." कुठल्या बटनाने काय होतं, ते आत कुठे लिहिलेलंच नव्हतं.

"याला नावं द्यायला सांगा," ऑपरेटर म्हणाला.

"पुढच्या आवृत्तीत होईल."

"ही चूक मला किंवा इथल्या कुणाला दुरुस्त करता येईल?"

"नाही, आतलं उघडता येत नाही. ते कंपनीचं असतं."

"मग मी पास म्हणणार नाही."

त्या दुपारी हेडक्लार्क दाखल्याचा कागद घेऊन आला. खुर्ची ओढून बसला आणि वर्तमानपत्र वाचायचा त्याच संथ आवाजात वाचू लागला. "सदर प्रणाली दृष्टिहीन कर्मचाऱ्यास सध्या वापरता येत नाही. आवश्यक सुधारणा झाल्याशिवाय तिची खरेदी करू नये, असे माझे मत आहे."

"बरोबर लिहिलंस भाऊ," ऑपरेटर म्हणाला. हेडक्लार्कने त्याचं बोट धरून कागदावर टेकवलं. ऑपरेटरने सही केली.

तीन महिन्यांनी नवी प्रणाली आली, आणि आली तीच "बटन, बटन, चित्र" करत. जुने संगणक हातगाडीवर घालून खालच्या गोदामात गेले. ऑपरेटर संचालकांना भेटायला गेला. ते म्हणाले, "कळवलंय कंपनीला. तोवर आराम करा. पगार कुठे जात नाही तुमचा."

टेबल तेच राहिलं, काम गेलं. तक्रारी आता थेट प्रणालीत येत होत्या आणि त्या बघायला नवा माणूस दिलेला नव्हता. एका गल्लीतले निवृत्त शिक्षक ऑपरेटरच्या ओळखीचे झाले होते. पाण्याला वास येतो अशी त्यांची तक्रार दर दोन-चार महिन्यांनी यायची आणि ऑपरेटर लगेच माणूस धाडायचा. एके सकाळी त्यांची सून कचेरीत आली.

"बाबांनी तीनदा तक्रार टाकली," ती म्हणाली. "तिन्ही वेळा 'प्रलंबित' दाखवतंय. गल्लीत सतरा जणांना कावीळ झालीय. बाबा दवाखान्यात आहेत. ते म्हणाले, ऑपरेटरांना भेट, ते बघतील."

ऑपरेटरने मान खाली घातली. समोर संगणक चालू होता आणि तीन तक्रारी त्यातच कुठेतरी होत्या. त्याने तिला हाताला धरून अभियंत्यांच्या खोलीपर्यंत नेलं. दुसऱ्या दिवशी पाइप दुरुस्त झाला. शिक्षक नवव्या दिवशी गेले.

मर्तिकाहून आल्यावर ऑपरेटर घरच्या जुन्या संगणकापाशी बसला. त्यात बाईंनी बसवून दिलेला तोच चोंदल्या नाकाचा आवाज होता. त्याने माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाइप केला. मुक्त सॉफ्टवेअर का घेतलं नाही, याची फाइलवर लिहिलेली कारणं त्याने मागितली. महिन्याने उत्तर आलं ते पानांचे फोटो काढून. फोटो त्या आवाजाला वाचता येईनात.

"आण इकडे," बायको म्हणाली. तिचं शिक्षण सातवीपर्यंत झालेलं. रविवारी दुपारी खिडकीशी बसून, पडद्यावर बोट ठेवत ती एकेक शब्द फोडू लागली. सरकारी भाषेत ती सारखी अडखळत होती. बाराव्या पानावर ती थांबली.

"काय झालं?"

"थांबा, नीट बघू दे." मग ती वाचू लागली. "मुक्त स्रोतातील पर्याय तपासले. योग्य पर्याय उपलब्ध नाही. नवी प्रणाली सुलभ असल्याचे दृष्टिहीन कर्मचाऱ्याने स्वतः चाचणी घेऊन प्रमाणित केले आहे. दाखला सोबत जोडला आहे." तिने पुढचं पान काढलं. "अहो, याच्यावर तुमची सही आहे."

"माझी नसेल."

"तुमचीच आहे. शेवटचं अक्षर रेघेखाली घसरलंय, तुमचं घसरतं तसं."

ऑपरेटरने तिला दाखला दोनदा वाचायला लावला. "प्रणाली वापरण्यास अत्यंत सोपी वाटली," असं त्यात होतं. रात्री तो जेवला नाही. बायकोनेही आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी एक वाजता खांद्यावर हात पडला. ऑपरेटर उठला नाही.

"भाऊ, त्या दिवशी तू जे वाचलंस, ते त्या कागदावर होतं का?"

हात खांद्यावरून निघाला. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"दोन कागद होते," हेडक्लार्क म्हणाला. "तू सांगितलेलं मी लिहिलं होतं, खरंच लिहिलं होतं. संचालक साहेबांनी ते ठेवून घेतलं आणि दुसरा हातात दिला. म्हणाले, त्याने सांगितलेलंच वाचून दाखवा आणि सही याच्यावर घ्या."

"आणि तू?"

"मला रिटायर व्हायला नऊ महिने होते रे. त्यांनी सरळ सांगितलं, तुमची बदली करतो. आई अंथरुणाला खिळलेली, तिला टाकून कुठे जाऊ? तुझा पगार तर चालूच राहणार होता. मला वाटलं, तुझं काय जातंय?"

"मी तुला न विचारता सही करत आलो, भाऊ. किती कागद असतील?"

"बाकीचे सगळे खरे होते," हेडक्लार्क म्हणाला. "शपथेवर सांगतो."

ते खरंही असेल. पण ऑपरेटरला आता ते कळायला काही मार्ग नव्हता. घराची कागदपत्रं, बँकेचं पत्र, मुलीच्या लग्नाच्या वेळचे अर्ज, सगळं त्याच्या डोक्यात उलटंपालटं होऊन गेलं. आठवडाभर बायको ट्रंकेतून एकेक कागद काढून वाचत बसली. एकातही खोट निघाली नाही, तरी त्याचा जीव थाऱ्यावर येईना.

त्याने तक्रार केली. चौकशी बसली. चौकशी अधिकारी सभ्य होते, त्यांनी त्याच्यासाठी चहा मागवला.

"सही तुमचीच ना?"

"हो."

"कुणी जबरदस्ती केली?"

"नाही. मला वेगळंच वाचून दाखवलं."

हेडक्लार्कला बोलावलं. तो निवृत्त होऊन महिना झाला होता आणि त्याची पेन्शन अजून मंजूर व्हायची होती. "कागदावर होतं तेच मी वाचलं," तो म्हणाला. आवाज वर्तमानपत्र वाचण्याचाच, तसाच संथ. ऑपरेटर त्याच्या दिशेला तोंड करून बसून राहिला. हेडक्लार्क जाताना त्याच्याजवळ क्षणभर थांबला आणि मग निघून गेला.

चौकशीचा निष्कर्ष असा निघाला, की सही करण्याआधी खातरजमा करणं ही सही करणाऱ्याचीच जबाबदारी होती. एवढ्यावर भागलं असतं तर ऑपरेटरने ते गिळलं असतं. पण असे वाद पुन्हा होऊ नयेत म्हणून खात्याने परिपत्रक काढलं. यापुढे दृष्टिहीन कर्मचाऱ्याची कुठलीही सही खात्यातल्या दोन साक्षीदारांशिवाय ग्राह्य धरली जाणार नाही. खात्यातल्या एकोणीस कचेऱ्यांत मिळून असे एकतीस जण होते. त्यांतल्या कुणालाही रजेच्या साध्या अर्जावरसुद्धा आता एकट्याने सही करता येणार नव्हती.

त्याच महिन्यात बाईंचा फोन आला. "ऑपरेटर, एक वाईट बातमी आहे. आमच्याकडे हीच प्रणाली घेतायत. आणखी पाच कचेऱ्यांतही. धोरणाची पूर्तता म्हणून सगळीकडे तुमचाच दाखला जोडलाय."

ऑपरेटरने सहाही कचेऱ्यांना पत्र लिहिलं. हा दाखला खोटा आहे, प्रणाली आमच्यासारख्यांना वापरता येत नाही, कृपया थांबा. मग तो साक्षीदार शोधायला निघाला. टेबलाटेबलाशी गेला. कुणाला मीटिंग होती, कुणाचं पेन सापडत नव्हतं. एक जण खरं बोलला, "घरी लेकरंबाळं आहेत हो." बायकोची साक्ष चालत नव्हती. पत्रं साक्षीविना गेली. चार ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. दोन ठिकाणांहून छापील उत्तर आलं: सही ग्राह्य नसल्याने पत्र दप्तरी दाखल केले.

बाईंनी सांगितलं होतं, की सहांपैकी एका कचेरीत एक अंध मुलगी कामाला आहे, तीही संगणकावरच. ऑपरेटर रजा टाकून बायकोबरोबर बसने तिकडे गेला. साडेतीन तासांचा रस्ता. मुलगी जिन्याखालच्या एका टेबलाशी बसलेली होती. टेबलावर काहीच नव्हतं. बायकोने त्याच्या कानात तसं सांगितलं.

"प्रणाली आली का?" त्याने विचारलं.

"गेल्या सोमवारी," ती म्हणाली.

"तुम्हाला आधी दाखवली होती?"

"मला कोण दाखवतंय? मी विचारायला गेले तर म्हणाले, तुमच्यातल्याच एकाने पास केलीय, तुम्ही आता नखरे करू नका." तिचा आवाज चढला. "कोण माणूस आहे कुणास ठाऊक. काय मिळालं असेल त्याला?"

बायकोने त्याचा दंड धरला. चल इथून, असा तो स्पर्श होता. ऑपरेटर हलला नाही.

"तो मी," तो म्हणाला.

मग त्याने तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. सांगायला अर्धा तास लागला. मधे एक शिपाई येऊन जिन्याखालचा दिवा लावून गेला. मुलीने एकदाही अडवलं नाही. संपल्यावर ती इतकंच म्हणाली, "तुमच्या पत्राची एक प्रत ठेवून जा."

त्याने प्रत दिली. तिने कागदावरून हात फिरवला, घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि तिची बस सुटेल म्हणून ती उठली. तिने त्याच्यावर विश्वास ठेवला की नाही, हे त्याने परतीच्या वाटेवर बायकोला दोनदा विचारलं. बायको म्हणाली, तिचा चेहरा काही बोलत नव्हता.