नाल्यापल्याडचं इंजिन

आमच्या खानदानातला पहिला बी. एस्सी. मी. हे मी कधी लपवलं नाही. लपवलं असतं तरी बापूंनी लपवू दिलं नसतं.

आमचा वर्धा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि मी हवेत. आर्वीजवळ आमची संत्र्याची बाग. झाडांना ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडून पानं गळू द्यायची, आणि नेमक्या दिवशी पाणी सोडून बहार फोडायचा. त्या वर्षी ताण पुरता बसला होता. आज पाणी नाही, तर बहार नाही. आणि आजच विहिरीवरचं घासलेटचं इंजिन खोकू लागलं.

बापूही खोकत होते. एरवी ते कार्बोरेटरचा पेच कानानं लावायचे: जरा फिरवायचा, ऐकायचं, जरा मागं घ्यायचा. पण सर्दीनं कान बसलेले, वर मायनं लसणाच्या तेलाचे बोळे कोंबलेले.

"मले काई ऐकू येऊन नाई राह्यलं," ते ओरडले (स्वतःला ऐकू जावं म्हणून).

"मी लावतो. हवेचं अन् घासलेटचं प्रमाण असते ते."

"काय म्हन्ते?"

"प्रमान म्हन्ते," माय त्यांच्या कानाशी ओरडली.

"मंग लाव म्हना. कालेजात शिकवलं असंन."

कॉलेजात मी इंजिन फळ्यावर पाहिलं होतं. तिथं ते कधी खोकलं नाही.

"कोणी बोलू नका," मी बजावलं. गवयासारखे डोळे मिटले आणि पेच आत वळवला. खोकला कमी झाला. आणखी वळवला, आणखी कमी. अर्धा वेढा अजून, आणि खोकला साफ बंद. एकसारखं, गोड टुक-टुक-टुक. जरा लांबून आल्यासारखं वाटत होतं, पण नीट लागलेलं इंजिन नम्रपणेच वाजत असेल, अशी मी समजूत काढली.

"ऐक माय. याले म्हन्ते प्रमाण."

"बाबू, अरे..."

"बोलू नको म्हटलं ना."

माय गप्प झाली. शिकलेल्या पोराचा मान ठेवायची तिला फार वाईट सवय.

खांद्यावर हात पडला. बापू होते. कानात बोळे, पण नजर पाइपावर.

"काऊन रे, पानी कुठी हाय?"

मी डोळे उघडले. पाइप कोरडा. पट्टा थांबलेला. आमचं इंजिन केव्हाच मेलं होतं. टुक-टुक चालू होतं ते नाल्यापल्याड, सोनबाकाकांच्या विहिरीवर.

"माय, सांगतलं काऊन नाई?"

"तूच तं बोलू नको म्हने."

बापूंनी मला हँडल मारायला लावलं. बाभळीची काडी दातात धरली, तिचं टोक इंजिनावर टेकवलं आणि पेच दीड वेढा मागं घेतला. इंजिन खोकलं, हसलं, लागलं. पाइपातून पाणी धो-धो आलं. ते सारं ऐकलं बापूंच्या दातांनी; माझे दोन्ही कान तिथंच रिकामे उभे.

बहार मात्र जोरात आला. संत्री पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला बापू मला पुढं करून सांगायचे,

"हे आमचं पोरगं. बीएस्सी हाय. सोनबाचं इंजन नाल्याच्या अल्याडून, डोये मिटून लावून देते."