दोघांची पोस्टमास्तरीण

घड्याळजी आणि त्याची शिवणकाम करणारी बायको एकाच छपराखाली राहायचे, पण नऊ वर्षांत एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते. कशावरून बिनसलं, हे आता दोघांनाही धड सांगता आलं नसतं. सगळा कारभार एकुलत्या एका मुलीमार्फत चाले. "बाबांना सांग, गॅस संपलाय." "आईला सांग, मी बहिरा नाही." शेजारीपाजारी तिला पोस्टमास्तरीण म्हणत, आणि तीही हसण्यावारी नेई.

रसायनशास्त्र शिकायला ती दूरच्या विद्यापीठात गेली तेव्हा तिला वाटलं, सुटले एकदाची. विषय जीव की प्राण. पहिल्या वर्षी ब्युरेटमधून थेंब थेंब पडता पडता चंबूतलं पाणी अलगद गुलाबी झालं, तेव्हा आनंदाच्या भरात तिने शेजारच्या मुलीला चिमटाच काढला होता.

पण पोस्ट तिच्यामागोमाग आलं. ऐन तासाला आईचा फोन: "त्यांना सांग, छत गळतंय." दहा मिनिटांनी बाबांचा: "तिला सांग, मलाही डोळे आहेत." हळूहळू पुस्तकातल्या ओळी नुसत्या डोळ्यांखालून जाऊ लागल्या. गुण घसरले. मैत्रिणी म्हणाल्या, "फोन बंद ठेव की!" तिने दोन दिवस ठेवला. तिसऱ्या दिवशी आई हुंदके देत म्हणाली, "तूही टाकलंस ना आम्हाला?"

तिसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा सुरू व्हायला पाच मिनिटं होती, तेवढ्यात बाबांचा फोन. "तुझी आई सकाळपासून घरात नाही. मशीन झाकून गेलीय. तिला सांग, किल्ली तरी ठेवून जायची."

आई मशीन कधीच झाकत नसे. तिचा फोन लागेना.

प्रयोगशाळेत पोरीचं मन थाऱ्यावर नव्हतं. पहिल्यांदा फिक्या गुलाबीऐवजी रंग गडद झाला, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा ब्युरेटची तोटी बंद करायचं भानच राहिलं नाही. तिने एप्रन काढला आणि सरळ बस गाठली. पाच तास नको नको ते डोळ्यांपुढे येत राहिलं.

घरी पोचली तर आई भाजी निवडत बसलेली. डोळे तपासायला गेली होती, छत गळतंय म्हणून मशीन झाकून ठेवलं होतं, फोन चार्ज करायचा राहिला होता, एवढंच.

"अगं, तू इथे कशी? परीक्षा ना आज?"

"बाबा म्हणाले, तू…"

"मी फक्त किल्लीचं बोललो होतो!" बाबा आतून ओरडले.

आणि इतक्या वर्षांनी आई त्यांच्याकडे वळली. "परीक्षेच्या वेळी फोन करतात होय पोरीला?"

"आणि तू न सांगता जातेस ते?"

"सांगू कुणाला? भिंतीला?"

मग दोघं मिळून तिच्यावर उलटले. "पण हिला अक्कल नको? परीक्षा टाकून आली!" एवढ्या एका मुद्द्यावर त्यांचं एकमत झालं. ती चपलाही न काढता दारात उभी होती. दुसऱ्या दिवशी घरातला अबोला पुन्हा जिथल्या तिथे.

पोरीचं वर्ष वाया गेलं. विभागातल्या बाईंनी तिला बोलावून घेतलं.

"विषय आवडत नाही का तुला?"

"खूप आवडतो, बाई."

"मग घरी कोणी आजारी होतं का?"

"नाही. सगळे ठणठणीत आहेत."

पुढच्या सोमवारपासून ती वर्षाने लहान मुलींच्या वर्गात बसू लागली. बाक तिनेच निवडला, अगदी दाराजवळचा. फोन आला तर पटकन बाहेर जाता यावं म्हणून.