उंबऱ्याबाहेर ठेवलेला पाय

मोहाडीत जानकीबाई हेडाऊच्या घरात चपला घालून जाण्याची हिंमत तहसीलदारालाही झाली नसती. घरात कोशाचं रेशीम विणायचा माग, मागाजवळ देव, आणि जमीन अशी सारवलेली की भात सांडला तर उचलून खावा. या बाईशी नंदलालने उभा जन्म संसार केला, तोही सुखाने. माणूस किती गरीब स्वभावाचा असेल ते यावरूनच ओळखा.

साखरेच्या आजाराने नंदलालचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. तळव्याची जखम त्याने हळद भरून घरच्यांपासून लपवली, आणि शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी हात टेकले. जखम भरल्यावर तिथल्याच एका केंद्रात त्याला रबराचा पाय मिळाला. बोटं, नखं, टाच, सगळं जागच्या जागी. रंग मात्र नंदलालहून उजळ.

"चला, एका पायानं तरी गोरा झालो," तो म्हणाला.

चालायला शिकवणारी अंजू त्याच्या पोरीच्या वयाची. दोन दांड्यांच्या मधे त्याला उभं करून म्हणायची, "काका, खाली नका पाहू. पाय कुठं पळून नाही जात. टाच टेका, भार द्या, मग दुसरा उचला." तो भार देणंच कठीण. जमीन लागली की नाही हेही न सांगणाऱ्या पायावर सगळा जीव टाकायचा म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती घराची किल्ली देण्यासारखं. पण नंदलाल शिकला. निघताना अंजूने बजावलं, "दिवसभर घालून राहा. नाहीतर गुडघ्याखालचा भाग सुजेल, मग हा बसणारच नाही."

घरी जानकीबाईने त्याला ओवाळलं, डोळे पुसले आणि मग खाली पाहिलं.

"हा रबराचा हाये ना?"

"हो."

"रस्त्यावरून चालत आला ना?"

"मंग काय उडून येईन?"

"मंग सपरीत काढून ठेवा. चपलांपाशी."

आणि गंमत पाहा, नंदलाललाही ते पटलं! मागाला कधी वहाण लागू न देणारा विणकर तो. रबर म्हणजे वहाणच, यात त्याला काही चुकीचं वाटलं नाही. तेव्हापासून पाय सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, चपलांच्या ओळीत उभा, आणि नंदलाल घरात हातांवर भार देऊन बसल्या बसल्या सरकायचा. जानकीबाईची माया आटली होती असं कोणी समजू नये. ती गरम भाकर ताटात वाढून त्याच्यापुढे आणून ठेवायची, मांडीला तेल चोळायची. पण ज्या घरात तो कर्ता म्हणून फिरला, तिथं आता तो रांगत होता. पायही दिवसेंदिवस घट्ट बसू लागला. एक दिवस तो चढलाच नाही तर आपण कायमचे जमिनीवर, ही भीती नंदलालला आतून खायची. बायकोला मात्र त्याने ती सांगितली नाही.

श्रावणात जानकीबाई तापाने आडवी झाली. मुलगा भूषण कामाला तुमसरला गेलेला. दुपारी नंदलाल पानठेल्यावरून येऊन सपरीत टेकतो न टेकतो तोच आतून आवाज आला, "पाणी द्या ना वो."

त्याने पाय काढला, सरकत आत गेला, बादलीतून गिलास भरला. एका हातात गिलास, दुसऱ्या हाताने अंग ढकलायचं. दर हिसक्याला पाणी सांडत गेलं. खाटेपाशी पोचला तेव्हा तळाला दोन घोट उरले होते. तेवढे पिऊन ती म्हणाली, "आणखी."

नंदलालने रिकाम्या गिलासाकडे पाहिलं. त्याला स्वतःचाच राग आला. तो सरकत परत सपरीत गेला, गुडघ्याखाली मोजा चढवला, दात खाऊन पाय घातला आणि उभा राहिला. उंबऱ्यावर क्षणभर अडखळला. मग चांगला पाय आधी टाकला आणि मागून तो मातीने भरलेला.

काठोकाठ भरलेला गिलास घेऊन तो चालत आला. खाली पाहिलं नाही. थेंब सांडला नाही. सारवलेल्या जमिनीवर टाचेचे ठसे मात्र उमटले. जानकीबाईने ते पाहिले आणि गिलास तोंडाला लावला.

"आणखी आणू काय?"

"आणा."

ताप उतरल्यावरचा आठवडी बाजार. पिशवी घेऊन नंदलाल परत आला आणि सवयीने रबरी पायाचा पट्टा सोडायला खाली वाकला.

"थांबा," जानकीबाई म्हणाली.

ती लोटाभर पाणी घेऊन आली आणि त्याच्यापुढे उकिडवी बसली. आधी उजवा पाय धुतला. मग रबराचा पाय हातात घेऊन त्याच्या बोटांच्या फटीतली माती अंगठ्याने चोळून चोळून काढू लागली. नंदलालने हातातली पिशवी खाली ठेवली.

"अवो, त्याले काई समजत नाई."

"मले समजते ना," ती म्हणाली आणि पदराने तो पाय पुसून कोरडा केला.