मीठ तेवढं सांगायचं नाही

मामी गेल्याचा फोन आला तेव्हा मी विठ्ठलवाडीच्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बसलो होतो. समोर तिचाच ब्लॉग उघडा होता. सकाळीच एका मुलीनं खाली विचारलं होतं, ‘मामी, तांदळाची भाकरी थापताना कडेला चिरते, काय करू?’ फोन ठेवला आणि ती ओळ पुन्हा वाचली. कुठेतरी कुणीतरी पीठ मळून उत्तराची वाट बघत होतं, आणि उत्तर देणारी बाई आता नव्हती... त्याला महिना होऊन गेला. तो प्रश्न अजून तसाच आहे.

मामी चिखलोलीची. म्हणजे सासर चिखलोली. माहेर खाडीकडचं, मिठागरवाल्यांचं. माझ्या लहानपणी तिथे सगळी भातशेती होती आणि लावणीच्या दिवसांत तिच्या पडवीत ही मोठी पंगत बसायची. पुढे मामा गेला, शेतावर बिल्डिंगी उभ्या राहिल्या, दोन्ही मुलं बदलापूरला फ्लॅटमध्ये गेली. अंबरनाथहून मी अधूनमधून जायचो, तर मामी एवढ्याशा टोपात एकटीचा भात शिजवत असायची. ‘मूठभर तांदूल धुवाला लाज वाटतं रं,’ म्हणाली एकदा. ‘मानूस जेवाला याचा बंद झाला, का घर मेला समज.’ नव्या ब्लॉगचं वेड तेव्हा माझ्या डोक्यात होतंच. म्हटलं, मामी, तू सांग, मी टाइप करतो, लोक येतील. ‘वाचून प्वाट भरतं का?’ असं विचारून ती मनसोक्त हसली. पण नाशिकच्या एका मुलीची पहिली कॉमेंट वाचून दाखवली, त्यानंतरच्या रविवारी मामी इस्त्रीचं लुगडं नेसून माझी वाट बघत बसली होती. पाहुणे यायचे होते ना!

त्या रविवारच्या दुपारी मला आता स्वप्नात पाहिल्यासारख्या वाटतात. शेगडीवर काहीतरी हळूहळू शिजतंय, खिडकीतलं ऊन फरशीवरून भिंतीकडे सरकतंय, आणि मामी भिंतीला टेकून, डोळे अर्धे मिटून सांगतेय... वाल कसे भिजवायचे, मोड किती येऊ द्यायचे, सोलताना सासू कुठलं गाणं म्हणायची, ते गाणं अर्ध्यात का सोडायची. मध्येच गप्प व्हायची. झोपली की आठवतेय, कळायचं नाही. मीही हात थांबवून बसायचो. मग वाफेचा वास बदलायचा आणि डोळे न उघडताच ती म्हणायची, ‘उतरव आता.’

सगळं सांगायची, मीठ तेवढं सांगायची नाही. पहिल्या वेळी मला वाटलं, विसरली. विचारलं, तर म्हणाली, ‘मीठ काय सांगाचा? ज्याचा त्यानी घालाचा.’ तिच्या माहेरची ही रीत होती. घरात मिठाची रास, तरी जेवणात हात राखूनच घालायचे आणि पंगतीच्या मधोमध मिठाची बरणी ठेवायचे. पाहुणा लाजत लाजत हात लांब करायचा. ‘बरनीला हात लावला, का तो घरचा झाला,’ असं मामी सांगायची. तेही मी ब्लॉगवर लिहिलं.

क्लासच्या शेजारी गोपभाईंचं कापडाचं दुकान. सिंधी माणूस, गिऱ्हाईक कसं ओढायचं हे त्यांच्याकडून शिकावं. त्यांना ब्लॉग दाखवला, तर म्हणाले, ‘अरे भाऊ, बोर्ड चटपटीत पाहिजे ना! और पूरा माप लिख, कस्टमर को टेन्शन नहीं मंगता.’ मला पटलं. ‘दहा मिनिटांत झणझणीत जवळा’ असं नाव दिलं, वाटी-चमच्याची मापं दिली, खाली ‘मीठ एक चमचा’सुद्धा लिहिलं. माणसं धो धो आली आणि तशीच निघून गेली. एकानंही काही विचारलं नाही. रविवारी मामीला ते वाचून दाखवलं. मिठापाशी तिनं मला थांबवलं. ‘सगला तूच सांगलास,’ म्हणाली, ‘मंग जेवनाऱ्याला काय काम ठेवलंस?’

मी तो चमचा पुसून टाकला. चटपटीत नाव मात्र मामीनंच ठेवायला लावलं; दारात रांगोळी हवीच, म्हणाली. मग लोक पुन्हा विचारू लागले. मीठ किती? आधी घालू की नंतर? कुणी भांडलं, कुणी आपल्या आईचं प्रमाण सांगितलं. एकमेकांना ओळखू लागले. मामी दर रविवारी आधी तेच विचारायची, ‘कोन कोन आलं रं?’ आणि मी नावं मोठ्यानं वाचायचो. कुणी दोन आठवडे दिसलं नाही, तर काळजी करायची.

शेवटच्या रविवारी तिनं मला वालाचं बिरडं सांगितलं होतं. ती गेल्यावर मी ते टाकलं, मामी गेल्याचंही लिहिलं, आणि मनाशी ठरवलं की आता ब्लॉग बंद करायचा. पंगत वाढणारीच उठून गेली, तर पानं कुणासाठी मांडायची? खूप जणांनी हळहळून लिहिलं. त्यात एक अगदी नवखा होता, त्यानं बिचाऱ्यानं फक्त विचारलं, ‘यात मीठ किती?’

मी उत्तर लिहायला घेतलं, पण माझ्याआधीच कुणीतरी लिहून गेलं होतं. भाकरी चिरते म्हणणारी तीच मुलगी. ‘इथे मीठ सांगत नाहीत हो. बरणी मध्ये ठेवलीय, हात लांब करा.’

मामीनं माहेराहून आणलेली मिठाची बरणी आता माझ्या घरी आहे. तिच्या धाकट्या सुनेनं आपणहून दिली. जेवायला बसलो की ती मधोमध ठेवतो. ब्लॉग बंद केलेला नाही. उघडला की कोण कोण आलं, ती नावं अजून मोठ्यानं वाचतो.