मी नापास केलेलं चर्च

२००४ साली मी नवऱ्याच्या व्हिसावर ईडन प्रेरी या अमेरिकी उपनगरात राहत होते. पुण्यात आर्किटेक्ट म्हणून मिरवलेल्या मला इथे नोकरीची परवानगी नव्हती. म्हणून तासाभराच्या अंतरावरच्या एका खेडवळ काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, जुनी घरं आणि चर्च पाहून फॉर्म भरायचं काम मी फुकट पत्करलं. माझ्या शेऱ्यावर वास्तू जतनाच्या यादीत जाणार की नाही ते ठरायचं.

खरं सांगायचं तर मला तोरा होता. शंभर वर्षांच्या लाकडी घराला हे लोक 'ऐतिहासिक' म्हणायचे. आमच्या गल्लीतलं मारुतीचं देऊळ साडेतीनशे वर्षांचं, आणि त्याच्या ओट्यावर भाजीवाल्या बसतात! मला हसूच यायचं.

मक्याच्या शेतांमधलं ते चर्च मी सप्टेंबरात पाहिलं. बाहेरून प्लास्टिकच्या पांढऱ्या पट्ट्या ठोकलेल्या, खिडक्या नव्या. किल्ली सांभाळणाऱ्या ऐंशीच्या घरातल्या आजी दारातच वाट बघत होत्या. त्यांच्या आजोबांनी गावकऱ्यांना घेऊन ते बांधलं होतं. यादीत नाव लागलं नाही तर ते पाडणार होते.

"वर चल, छताचं लाकूडकाम दाखवते," त्या म्हणाल्या आणि शिडी धरून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात माझा फोन वाजला. "अगं, कुठे आहेस यार? गणपतीची प्रॅक्टिस स्टार्ट केली आम्ही!" मैत्रीण ओरडत होती.

"मला खालूनही कळतं," असं आजींना सांगून मी निघाले. गाडीत बसून शेरा लिहिला: बरेच बदल झालेले, विशेष महत्त्व नाही.

पुढच्या वसंतात चर्च पाडायला घेतलं. मी का गेले, कोण जाणे. छपरावरचे पत्रे निघाले आणि आतला सांगाडा उघडा पडला. ओकच्या जाडजूड तुळया, एकही खिळा नाही, सगळे सांधे लाकडी खुंट्या ठोकून हाताने बसवलेले. असं काम त्या काउंटीत मी दुसरीकडे कुठेच पाहिलं नव्हतं. घाईचं निमित्त झालं; खरा तो माझा माज होता.

आजी रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. सगळं कबूल करायचं ठरवून मी जवळ गेले, तर त्यांनीच माझा हात हातात घेतला.

"मनाला लावून घेऊ नकोस पोरी. तू या कामातली शिकलेली. तू ठरवलंस ते बरोबरच असणार. आम्हीच उगाच आजोबांचं कौतुक करत बसलो इतकी वर्षं."

मी मान डोलावली.