बियाण्याच्या ढोलीतली पाखरं

माझं माहेर हिंगणघाटाकडचं. तिकडे ज्वारी आणि कापूस. धान मी लग्नाआधी फक्त ताटातला भात म्हणून पाहिलेलं, तेही सणावाराला. आणि मला दिली कुठे, तर चिमूरच्या पलीकडे, जिथे प्रत्येक घास धानाचा आणि बोलण्यातली प्रत्येक दुसरी गोष्टही धानाची. हलकं धान, जड धान, बांधीतलं पाणी, तणसीचा म्हणजे पेंढ्याचा ढीग. पहिले सहा महिने मी नुसती मान हलवत होते. मला कळत काहीच नव्हतं. पण माझा स्वभाव असा, की दोनदा विचारलं आणि कुणी हसलं तर जीव गेला तरी तिसऱ्यांदा विचारणार नाही. पुढचं सगळं या स्वभावामुळे झालं असं मला कधी वाटतं, आणि कधी वाटतं त्याचा काही संबंधच नव्हता.

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. घरात सासरे, सासूबाई, सासऱ्यांची विधवा बहीण, माझे यजमान आणि मी. सासऱ्यांना मी मामाजी म्हणे आणि सासूबाईंना बाई. बाई कमी बोलत. त्यांच्या वाटचं बोलायला नणंद होतीच, म्हणजे माझी आतेसासू. तिची जीभ दिवसभर चाले.

धान ठेवायचं ते ढोलीत. बांबूच्या कमच्यांची विणलेली, आतून-बाहेरून शेणामातीनं लिंपलेली ती उंच टोपली. खायच्या धानाच्या दोन मोठ्या ढोल्या ओसरीत होत्या आणि बियाण्याची एक लहान ढोली आतल्या खोलीत, देवांच्या खाली. तिच्यात लुचई जातीच्या धानाचं बियाणं असे, मामाजींच्या वडिलांपासून चालत आलेलं. पौषात ती भरायची, झाकण लिंपून टाकायचं आणि अखाजीशिवाय, म्हणजे अक्षय्य तृतीयेशिवाय, उघडायची नाही. घरात दाणा नसला तरी त्या ढोलीला हात लावायचा नाही, हा घराचा नियम.

दुसरी रीत लोंबीची. शेवटच्या बांधीतलं, म्हणजे खाचरातलं, शेवटचं मूठभर धान सगळ्यांत शेवटी कापायचं, डोक्यावरून घरी आणायचं आणि त्याची जुडी देवांच्या वर खुंटीला टांगायची. ती वर्षभर तिथेच. नवी लोंबी आली की जुनी काढून बैलांना घालायची.

त्या वर्षी मामाजी हिवतापानं अंथरुणाला खिळले होते. एरवी बियाणं वाळलं की नाही हे तेच ठरवत. दाणा दाताखाली धरायचे, आणि कट्ट आवाज आला तरच भरायचं. यंदा ते काम बाईंकडे आलं. त्यांनी दाणा चावला, जरा थांबल्या, आणि म्हणाल्या, भरा. आवाज आला की नाही ते मी ऐकलं नाही. ऐकायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

ढोली भरून झाली. बाईंनी जुनी लोंबी खुंटीवरून काढली, माझ्या हातात दिली आणि माती कालवायला बाहेर गेल्या. मी लोंबी हातात घेऊन उभी. माझ्या माहेरी ज्वारीचं पेव भरताना आई गेल्या सालची मूठभर ज्वारी आधी तळाशी टाकायची. जुना दाणा नव्याला भेटला की घरातलं धान्य तुटत नाही, असं ती म्हणे. मला तेव्हा आईची फार आठवण येत होती, उठता बसता येत होती. वर्षभर देवाशी राहिलेले दाणे बैलांनी का खावेत, असंही मनात आलं. मी लोंबी ओरबाडली, दाणे बियाण्याच्या ढोलीत टाकले, वरून हात फिरवला आणि रिकाम्या काड्या बैलांपुढे नेऊन टाकल्या. कुणाला सांगितलं नाही, कारण हसले असते. आपण या घराचं काहीतरी भलं केलं या आनंदात मी चार दिवस होते.

चैत्रात पाखरं दिसायला लागली. नखाएवढी, तणसीच्या रंगाची, पंख मिटून भिंतीवर बसलेली. सकाळी देवांपुढे, पाण्याच्या गुंडावर, माझ्या लुगड्यावर. ज्वारीतले सोंडे मला ओळखू येत, पण धान्यातून पाखरू निघतं हे मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं दिव्यावर येतात ती असतील. मग वाटलं, दिव्यावरची पाखरं दिवसा कशाला येतील. आतेसासू म्हणाली, हिवतापवाले भिंतींवर औषध फवारून गेले, त्या वासानं छपरातली बाहेर पडून राहिली असतील. मलाही ते पटलं. मला तेव्हा काहीही पटत असे.

एका सकाळी देवांची जागा सारवताना खुंटीकडे हात गेला. जुन्या लोंबीच्या दोन-तीन काड्या तिथेच अडकून राहिल्या होत्या, नव्या जुडीच्या मागे. त्यांचे दाणे पाहिले तर प्रत्येकाला सुईनं पाडावं तसं गोल भोक. एक दाणा चिमटीत दाबला, तर टरफल पिचलं आणि आतून नुसतं पीठ निघालं. मी खाली ढोलीकडे पाहिलं. लिंपलेल्या झाकणाच्या भेगेतून एक पाखरू बाहेर येत होतं, अगदी सावकाश, आपल्याच घरातून निघाल्यासारखं.

ढोलीला तळहात लावला तर ती कोमट लागली. मामाजींचा ताप उतरला होता आणि तो या ढोलीत शिरला की काय, असलं वेडंवाकडं मनात आलं. बियाणं गेलं तर पेरायचं काय, हा एक प्रश्न. पण खरं सांगते, त्याहून मोठी भीती दुसरीच होती. लग्न होऊन वर्ष झालेलं नाही आणि घरचं पिढीजात बियाणं गेलं, तर लोक बियाण्याबद्दल बोलत नाहीत, सुनेच्या पायगुणाबद्दल बोलतात. पांढऱ्या पायाची हे एकदा नावाला चिकटलं की चितेपर्यंत सुटत नाही.

सांगावं, तर सगळं माझ्यावर. न सांगावं, तर आत काय चाललं असेल कुणास ठाऊक. अखाजीआधी ढोली उघडा म्हणणारी मी कोण? मी सगळ्यांत सोपं ते केलं. सगळ्यांच्या आधी उठायचं, पाखरं झाडून सुपात घ्यायची आणि कोंबड्यांना टाकायची. नाही दिसली म्हणजे नाहीत. पण यातही एक विचित्र गोष्ट घडू लागली. काही दिवशी मी उठावं, तर देवांपुढची जमीन आधीच स्वच्छ. एकही पाखरू नाही. मला वाटायचं, संपली वाटतं. मी देवाला हात जोडायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरपूर. हे कसं होतं ते मला काही केल्या उमगेना, आणि विचारणार कुणाला?

अखाजीला मामाजींनी स्वतः झाकण फोडलं. आतून पाखरांचा लोट उठला आणि त्यांच्या तोंडावर आला. ते मागे सरले. मग त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला आणि मूठभर दाणे बाहेर काढून फुंकर मारली. अर्धे उडून गेले. उरलेले पाण्याच्या गुंडीत टाकले, तर तेही वर तरंगत राहिले. आतेसासूनं माझ्या पायांकडे पाहिलं. बोलली अजून नव्हती, पण पाहिलं ते पायांकडेच.

मी तोंड उघडणार तोच बाई बोलल्या. आवाज न चढवता, जणू मीठ संपलं म्हणून सांगत होत्या.

"धान ओलं होतं. म्या दातानं पायलं, अन् तरी भरलं. माही चूक हाये."

आतेसासूची मान माझ्याकडून बाईंकडे वळली. "आली तवा घरचा बैल खाल्ला, आता बियानं खाल्लं," ती म्हणाली.

बैलाची गोष्ट मला तेव्हा कळली. बाई लग्न होऊन आल्या त्या महिन्यात घरचा एक बैल मेला होता. त्याला तीस वर्षं होऊन गेली होती.

मामाजी दोन दिवस जेवले नाहीत नीट. लुचईचं तसं बियाणं बाईंच्या भावाकडे होतं, नागभीडच्या अंगाला. पण बायकोच्या माहेरी बियाणं मागायला जाणं म्हणजे मामाजींना मान खाली घालणं. ते जाईनात. शेवटी बाई म्हणाल्या, मी जाते, सुनेले संगं नेते. यजमान बंडी हाकायला होते. पहाटेच निघालो.

दुपारी एका नाल्यापाशी यजमान बैलांना पाणी पाजायला खाली घेऊन गेले. पळसाच्या सावलीत आम्ही दोघीच. माझ्या पोटात ते दाणे इतके दिवस बसले होते. मी सगळं सांगून टाकलं. लोंबी, आईची रीत, खुंटीवरच्या भोकं पडलेल्या काड्या, सकाळचं झाडणं. सांगताना रडत होते.

बाई म्हणाल्या, "माईत हाये मले. बैलापुढं नुसत्या काड्या पडल्या होत्या."

म्हणजे त्यांना पौषापासून माहीत होतं. आणि ज्या दिवशी जमीन स्वच्छ असे, त्या दिवशी त्या माझ्याआधी उठलेल्या असत. एकाच घरात आम्ही दोघी एकमेकींपासून तीच पाखरं लपवत होतो.

मग धान ओलं होतं असं तुम्ही खोटंच सांगितलं का, मी विचारलं. बाई म्हणाल्या, "ओलं बी होतं. कोनतं पाखरू तुह्या दान्यातलं अन् कोनतं माह्या, तुले ओळखू येते का?"

मला ओळखता येत नव्हतं. आजही येत नाही. पुढे कुणी मला सांगितलं, की ही पाखरं उभ्या धानावरच अंडी घालतात आणि घरात येतात ती पिकाबरोबरच. म्हणजे दोघींचीही चूक नसेल. किंवा दोघींची असेल. मी यावर पन्नास वेळा विचार केला आहे आणि पन्नास वेळा वेगळंच उत्तर आलं आहे.

दिवेलागणीला पोचलो. बाईंच्या भावानं पाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला, आम्ही बियाणं मागायला आलो हे ऐकलं, आणि मग विचारायचं ते विचारलं. घरचं बियानं काऊन गेलं, बाई? ओसरीवर त्याच्या घरचे सगळे होते. बाई सांगायला लागणार, तोच माझ्याच्यानं राहवलं नाही. त्यांच्या माहेरात, त्यांच्याच भावापुढे, त्यांनी पुन्हा मान खाली घालायची आणि मी पदराआड बसायचं, हे मला सहन होईना. नवी सून परक्या पुरुषांपुढे बोलत नसते. मी बोलले. बियाणं माझ्या हातून गेलं, बाईंचा काही दोष नाही, असं मोठ्यानं सांगितलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या हसल्या. त्यांना हसताना मी फार कमी वेळा पाहिलं.

"तिचं नोको आयकू," त्या भावाला म्हणाल्या, "मले वाचवून राह्यली थे."

आणि सगळ्यांना ते पटलं. भाऊ म्हणाला, नशीब काढलं बाई तुमी, अशी सून शोधून भेटत नाही. त्याच्या बायकोनं मला जवळ घेतलं, ओटी भरली. मी नाही नाही म्हणत राहिले, तसतशी मी आणखी चांगली ठरत गेले. यजमानांनी ही गोष्ट परत जाताना मनात साठवली आणि घरी पोचल्याबरोबर सांगितली. आतेसासू कधी नव्हे ते माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, सून गुणाची हाये.

त्या वर्षी भावाच्या बियाण्यावर पीक बरं आलं. पायगुण माझा. पुढे मुलगा झाला, गोठा वाढला, तोही पायगुण माझा. गावात कुणाकडे नवी सून आली की मला बोलावत, माझ्या हातून तिच्या ओटीत धान घालत. मी जात असे. सुरुवातीला दुसऱ्या कुणाला तरी बोलवा म्हणायची, नंतर तेही थांबलं. सवयीनं माणूस काय काय गिळतो.

बाई गेल्या तेव्हा माझ्याच घरात सून येऊन दोन वर्षं झाली होती. तेराव्याला गाव जेवायला आलं. बायकांच्या पंगतीत बाईंच्या आठवणी निघाल्या. कष्टाळू होती, कुणाला उलटून बोलली नाही. मग एक म्हातारी म्हणाली, पण हाताला बरकत नव्हती बिचारीच्या, आली तवा बैल गेला, मंग बियानं घालवलं. इतर बायकांनी माना हलवल्या. माझी सून शेजारी वाढत होती, तिनंही ऐकलं.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. हातात भाताचं पातेलं होतं, समोर सगळ्या बसलेल्या होत्या, भीती घालणारं घरात कुणी उरलं नव्हतं. मी नाही बोलले. बोलले असते तर पुन्हा माझंच कौतुक झालं असतं, मेल्यावरही सासूचा दोष अंगावर घेते म्हणाल्या असत्या, असं मी मनाला समजावलं. ते खरं होतं की ती माझी पळवाट होती, हे मला कळत नाही. मी त्या म्हातारीच्या ताटात भात वाढला आणि पुढे सरकले.