पाणी दाखवून पारखलेला कुत्रा

सन १९७४, मार्च महिन्याची बारा तारीख, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. कुरुंद्यातील आमच्या शेतात हळद शिजत होती. त्या वेळी आमचा राखणीचा कुत्रा काळ्या मला चावला.

धावून येताना तो भुंकला नाही. त्याने मनगट धरले आणि सोडले नाही. दात हाडाला लागल्याचे मला कळले. आमचा गडी शंकर याने कढईखालचे लाकूड त्याच्या पाठीत घातले. लाकूड मोडले, पकड सुटली नाही. दुसऱ्या लाकडाने डोके फुटले, तेव्हा जबडा सैल झाला.

आदल्या दिवसापासून काळ्या खात नव्हता. आवाज घोगरा झाला होता, तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या.

"मालक, पिसाळला तर न्हाई?" शंकरने विचारले होते.

पिसाळलेला कुत्रा पाण्याला भितो, असा आमच्याकडे समज. मी घमेलेभर पाणी मागवले. काळ्याने त्यात तोंड घातले. घशात हाडूक अडकले आहे, असा निकाल मी चारचौघांत दिला. पाणी त्याच्या तोंडातून परत ओघळत होते, तेही मी पाहिले होते. माझ्या शब्दावर विसंबून पत्नी पार्वतीने त्याच्या घशात बोटे घालून हाडूक शोधले.

काळ्या चावल्यावर माझ्या जखमेत तिने हळद भरली. वसमतच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ती आधी काढली. साबण आणि वाहते पाणी, पंधरा मिनिटे. मांस उघडे होते. मी बाकाची कड धरून बसलो.

"याला रेबीज म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "लाळेतून शिरतो, नसांवाटे मेंदूत जातो. माणसात लक्षणे दिसली की उपाय नाही. कुत्रा पाण्याला भीत नाही. घसा लुळा पडतो, त्याला गिळता येत नाही. चौदा इंजेक्शने, रोज एक, पोटात."

पहिली सुई टोचून झाल्यावर त्यांनी विचारले, "त्याच्या तोंडात आणखी कोणी हात घातला होता?"

हळदीच्या कामाने पार्वतीच्या बोटांना भेगा पडलेल्या होत्या. मी मिळेल त्या वाहनाने परतलो आणि तिला सुई घ्यायला चल म्हणालो.

"मला चावलंच न्हाई, तर सुई काहून?"

"भेगांतून शिरतो."

"पाणी प्यालं, बराबर हाय, असं तुमीच म्हणले ना?"

"चुकलो."

तीस वर्षांच्या संसारात हा शब्द मी प्रथम उच्चारला.

"मग सुई तुमच्या जिभंला द्याया पायजे," ती म्हणाली आणि हात पुढे केले. ते मी साबणाने धुतले आणि तिला दुपारच्या बसने वसमतला नेले.

चौदाही सुया आम्ही दोघांनी घेतल्या. पोटे सुजली, पण जगलो. त्या डॉक्टरांचा एक प्रश्न मी विसरलो नाही. कुत्रा बाळगणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे: आवाज बदलला, लाळ गळू लागली, गिळता येईना, की त्याच्या तोंडात हात घालू नये. पाणी दाखवून पारख करू नये.

बारा तारखेला संध्याकाळी शंकरने खोल खड्डा खणून काळ्याला पुरले. मी घरोघरी गेलो. प्रत्येक दारात प्रथम माझी चूक सांगितली, मग काळ्याची लाळ कोणाच्या हाताला लागली काय, असे विचारले. दोन घरांतून होकार आला. तेथे मी सकाळी आमच्याबरोबर वसमतला सुई घ्यायला यायला सांगितले, साबण मागितला, आणि त्यांचे हात धुऊन होईपर्यंत उंबऱ्यात उभा राहिलो.